बांध घालण्याचा पैसा आणि बांध राखण्याचा पैसा

सरकारनें खाजगी मालकीच्या जमिनीच्या रक्षणाकरितां पैसा खर्च करावा कीं नाहीं, हा प्रश्न आतां वादाचा राहिलेला नाहीं. माती वाहून गेली म्हणजे ती एकट्या मालकाची जात नाहीं. ती नाल्यांत जाते, नाल्यांतून तलावांत जाते. आणि तलाव गाळानें भरला म्हणजे ज्यांच्या मालकीची गुंठाभरहि जमीन नाहीं, त्यांच्याहि घागरी रित्या राहतात. तेव्हां शेताचें रक्षण हें अंशतः सार्वजनिक काम आहे व त्यास सार्वजनिक तिजोरींतून साह्य मिळावें, हें सर्वमान्य झालें आहे. वाद आहे तो निराळाच. तो पैसा कशाबद्दल द्यावा, केव्हां द्यावा, कोणास द्यावा व कोणत्या अटीवर द्यावा, याविषयीं आमच्याकडे जितका विचार व्हावयास पाहिजे तितका झालेला नाहीं, असें आमचें नम्र मत आहे; आणि तेंच आज वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

आमची नोकरी महसूल खात्यांत दप्तर सांभाळण्यांत गेली. तीं कांहीं वर्षें रोजगार हमीच्या शाखेंत असतांना बांधबंदिस्तीची नोंदवही आमच्या हातीं होती. तींत गट नंबर, खातेदाराचें नांव, क्षेत्र, बांधाची लांबी, झालेला खर्च असे रकाने असत आणि शेवटीं शेऱ्याचा रकाना असे. त्या रकान्यांत आम्हीं शेंकडों वेळां 'काम पूर्ण' असें लिहिलें व वही मिटली. 'काम टिकलें काय?' असा रकाना त्या वहींत नव्हता. आणि तो असावा, असें त्या वेळीं आम्हांसहि सुचलें नाहीं.

सेवानिवृत्त झाल्यावर एका उतारावरून पायीं जाण्याचा प्रसंग आला. त्याच उतारावरील बांधांपुढें 'काम पूर्ण' असें आम्हीं एके काळीं लिहिलेलें होतें. सात-आठ खातेदारांच्या जमिनी एकाखालीं एक अशा तेथें आहेत. मधल्या एका खातेदाराच्या घरीं वाटण्या झाल्या, वांट्यास आलेली जमीन थोडी, तेव्हां बांधाखालीं अडकलेले दोन-तीन गुंठे त्याच्या डोळ्यांत सलूं लागले. त्यानें नांगराचें एक एक तास वाढवीत बांध खाल्ला. पुढें भाद्रपदांत एका रात्रीं जोराचा पाऊस झाला. वरच्या बांधांनीं अडविलेलें सारें पाणी त्या खांडीकडे धांवलें आणि खालच्या अडीच एकरवाल्याच्या शेतांतून घळ पाडीत गेलें. उभी तूर गेली ती गेलीच, परंतु तिच्याबरोबर वीतभर माती जाऊन मुरूम उघडा पडला. तो शेतकरी आम्हांस म्हणाला, "रावसाहेब, सरकारनें बांध घातलाच नसता तर बरें झालें असतें. पाणी सगळीकडून थोडें थोडें आलें असतें. असें एका जागीं गोळा होऊन माझ्या उरावर आलें नसतें." यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. कारण त्याचें म्हणणें शास्त्रशुद्ध होतें. राखलेला बांध उपकार करतो; न राखलेला बांध, मुळींच नसलेल्या बांधापेक्षां अधिक अपकार करतो.

यांत दोष कोणाचा? मधल्या खातेदारास दोष देणें सोपें आहे आणि तो निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या बांधावर सरकारचा पैसा खर्च झाला, त्या बांधाच्या राखणीचा एक पैसाहि त्यास कोणी देऊं केला नव्हता, राखणीचा करार कोणीं लिहून घेतला नव्हता, आणि बांध मोडल्यावर जाब विचारावयासहि कोणी आलें नाहीं. सरकारनें मातीकामाचा पैसा दिला. मालकास केवळ बांध मिळाला, बांध राखण्याचें कारण मिळालें नाहीं. म्हणजे उणीव पैशाची नसून पैसा देण्याच्या पद्धतींत आहे. ही पद्धति अन्यत्र कशी घडत गेली हें पाहावयाचें, तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे पाहिलें पाहिजे. कारण या कामीं तेथील सरकारनें नव्वद वर्षें पैसा ओतला आहे, आणि त्यांत जीं यशें व ज्या चुका पदरीं पडल्या, त्या दोहोंपासूनहि शिकण्यासारखें पुष्कळ आहे.

अमेरिकेच्या मध्यभागांतील विस्तीर्ण माळरानांवर गवत मोडून गहूं पेरण्याची लाट पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आली. १९३० नंतर लागोपाठ अवर्षणें पडलीं, तेव्हां उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर उडूं लागली. मे १९३४ मधील एका वादळाची धूळ शेंकडों कोस ओलांडून वॉशिंग्टन व न्यूयॉर्क या शहरांवर येऊन पडली. १४ एप्रिल १९३५ या दिवशीं ओक्लाहोमा व टेक्सास या प्रांतांच्या कांहीं भागांत भर दिवसा काळोख झाला. त्याच महिन्याच्या २७ तारखेस मृद्संधारणाचा कायदा झाला, आणि १९२८ सालापासून या संकटाची लेखी सूचना देत आलेले ह्यू हॅमंड बेनेट हे नव्या खात्याचे पहिले प्रमुख झाले. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९३६ सालीं, जमिनीचा कस खाणारीं पिकें कमी करून कस राखणारीं गवतें व द्विदल पिकें घेणाऱ्या शेतकऱ्यांस रोख रक्कम देण्याचा कायदा झाला. १९३७ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं सर्व संस्थानांच्या गव्हर्नरांकडे एका नमुना कायद्याचा मसुदा पाठविला. त्यावरून ठिकठिकाणीं मृद्संधारणाचे स्थानिक विभाग निघाले व त्यांचा कारभार बहुतांशीं स्थानिक लोकांनीं निवडलेल्या पंचांकडे आला. सरकारी तज्ज्ञानें आराखडा करून द्यावा, पंचांनीं कामाचा क्रम ठरवावा आणि शेतकऱ्यानें स्वेच्छेनें करार करावा, अशी ही त्रिविध रचना आहे. तें खातें १९९४ पासून नव्या नांवानें चालत आहे, परंतु रचना मूळचीच आहे.

यांतील सर्वांत मोठी योजना १९८५ च्या कायद्यानें सुरू झाली. धूप फार होणारी जमीन शेतकऱ्यानें दहा ते पंधरा वर्षें पिकांतून काढावी व तीवर गवत किंवा झाडें लावावीं. सरकारनें त्या भागांतील खंडाच्या मानानें दरसाल भाडें द्यावें, आणि गवत-झाडें लावण्याच्या खर्चाचाहि सुमारें अर्धा वांटा उचलावा, असा हा करार आहे. यांतील मर्म भाडें दरसाल मिळतें यांत आहे. गवत राखलें तर पुढचें भाडें. मुदतीपूर्वीं करार मोडला तर आजवर घेतलेली रक्कम व्याजासह परत. ज्या कामाचा मोबदला एकदांच मिळतो, तें काम मोबदला मिळेपर्यंत टिकतें. ज्याचा मोबदला वर्षानुवर्ष मिळतो, तें वर्षानुवर्ष टिकतें. हा मनुष्यस्वभाव मिसिसिपीच्या कांठीं निराळा व भीमेच्या कांठीं निराळा असा नाहीं.

त्याच कायद्यानें दुसरीहि एक तजवीज केली. धूप होणारी जमीन संधारणाचा आराखडा न करतां जो नांगरील, किंवा पाणथळ जागा कोरडी करून जो पेरील, त्यास शेतीविषयक इतर सरकारी सवलती मिळूं नयेत. २०१४ च्या कायद्यानें पीकविम्याच्या हप्त्यावरील सरकारी साह्यहि या अटीखालीं आलें. एका हातानें पैसा द्यावा, तर दुसऱ्या हातानें अट घालावी. १९८५ च्या या तजविजींचा आणि कमी नांगरटीच्या नव्या पद्धतींचा मिळून परिणाम असा झाला, कीं १९८२ ते २००७ या पंचवीस वर्षांत तेथील पिकाऊ जमिनीची धूप ४० टक्क्यांहून अधिक कमी झाली.

पशुपालकांची गोष्टहि लक्षांत घेण्यासारखी आहे. त्या देशांत हजारों एकरांचीं खाजगी कुरणें आहेत, आणि कुरणाचा नाश नांगरानें जितका होतो तितकाच अविचारी चराईनेंहि होतो. १९९६ च्या कायद्यानें निघालेल्या योजनेंतून कुरणाचे भाग पाडण्याकरितां कुंपण, प्रत्येक भागांत जनावरांस पाण्याचें टांकें, व पाळीपाळीनें चराई, अशा कामांस खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत साह्य मिळतें. या योजनेचा निम्मा पैसा पशुपालनाशीं निगडित कामांवर खर्च व्हावा, असा २०१८ च्या कायद्याचा दंडक आहे. नवशिके व गरीब शेतकरी यांस ९० टक्क्यांपर्यंत साह्य व त्यांतील निम्मी रक्कम कामापूर्वींच आगाऊ मिळूं शकते. ही आगाऊ रकमेची सोय आमच्या मतें फार मोलाची आहे. आधीं पदरचें घालावें व मग अनुदानाची वाट पाहावी, ही रीत ज्याच्या पदरीं कांहींच नाहीं त्यास दारांतूनच परत पाठविते.

येथवर जें लिहिलें त्यावरून अमेरिकेंत सर्व आलबेल आहे, असा ग्रह कोणी करून घेऊं नये. तेथें तीन चुका झाल्या आणि त्या आम्हांस फुकट शिकावयास मिळत आहेत.

पहिली चूक मुदतीची. १९५६ सालीं जमीन पडीक ठेवण्याचे असेच करार झाले होते. त्यांच्या मुदती संपल्या, आणि १९७० नंतर धान्याचे भाव चढतांच माळरानें पुन्हां कुंपणापासून कुंपणापर्यंत नांगरलीं गेलीं. १९८५ च्या योजनेखालीं २००७ सालीं ३ कोटि ६८ लक्ष एकर जमीन होती. पुढें मक्याचे भाव वाढले, करार संपतील तसतशा लोकांनीं जमिनी परत घेतल्या, आणि २०१४ च्या कायद्यानें तर या योजनेची कमाल मर्यादाच २ कोटि ४० लक्ष एकरांवर आणण्याचें ठरविलें. तात्पर्य, पैशानें बांधलेला धर्म पैशानेंच सुटतो. ज्या रक्षणापासून शेतकऱ्याचा स्वतःचा लाभ होत नाहीं, तें भाडें थांबतांच थांबतें.

दुसरी चूक वाटेकऱ्यांची. १९३३ सालच्या पहिल्या कायद्यान्वयें क्षेत्र कमी करण्याबद्दल जो पैसा मिळाला, तो दक्षिणेकडील कापसाच्या प्रांतांत बहुधा जमीनमालकांनींच ठेवून घेतला, व हजारों वाटेकरी कुटुंबें जमिनीवरून निघालीं. पुढच्या कायद्यांत कुळांच्या व वाटेकऱ्यांच्या हितरक्षणाचीं कलमें आलीं, तीं या अनुभवानंतर.

तिसरी चूक आमच्या दृष्टीनें सर्वांत बोधप्रद आहे. ज्यानें आपली जमीन बिघडविली त्यास सुधारण्याकरितां पैसा मिळे. ज्यानें बापजाद्यांपासून नीट राखली त्यास कांहींच मिळत नसे. हा अन्याय पुष्कळ वर्षें चालला. २००२ सालच्या कायद्यानें आणि २००८ सालच्या सुधारणेनें त्यावर उपाय काढला. शेतकरी जें रक्षण आधींपासूनच करीत आहे तें चालू ठेवण्याबद्दल व त्यांत नवी भर घालण्याबद्दल पांच वर्षांचा करार, आणि दरसाल रक्कम, असें त्याचें स्वरूप आहे. चांगल्या गृहस्थाचा चांगुलपणा गृहीत धरूं नये, हें तेथील सरकारास सत्तर वर्षांनीं उमगलें.

आतां आपल्या घराकडे वळूं. खाजगी जमिनीच्या सुधारणेस सरकारनें साह्य करणें हें आपल्याकडे अमेरिकेहूनहि जुनें आहे. जमीन सुधारणेच्या कर्जाचा कायदा १८८३ चा. विहीर, ताल, बांध यांकरितां त्याखालीं तगाई मिळे, हें जुन्या मंडळींस ठाऊक आहे. १९३३ सालीं सोलापुरास कोरडवाहू शेतीचें संशोधन सुरू झालें आणि उतारास आडवे बांध, खोल नांगरट, विरळ पेरणी यांचें शास्त्र आपल्याच मातींत तयार झालें. १९४२ सालीं मुंबई इलाख्यानें जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला. एकेका शेताचा विचार न करतां सबंध उताराची एक योजना करावी, खातेदारांच्या हरकती ऐकाव्या, आणि मग बांध घालावे, हें तत्त्व त्यांत होतें. १९७२ च्या दुष्काळांत बांधबंदिस्तीच्या कामांनीं लक्षावधि लोकांस अन्न दिलें, व १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानें तीच वाट पक्की केली. यांतील प्रत्येक पाऊल स्तुत्य होतें. परंतु प्रत्येक पावलागणिक लक्ष कामावर राहिलें, टिकावावर राहिलें नाहीं. दुष्काळी कामाचा मुख्य हेतु मजुरी देणें हा होता. मजुरी वांटली गेली कीं हेतु पुरा झाला, आणि बांध देवाच्या हवालीं झाला.

अलीकडच्या योजनांतहि हाच प्रकार आढळतो. २०१६ सालीं मागेल त्यास शेततळें देण्याची योजना निघाली व त्याकरितां ५० हजार रुपयांपर्यंत अनुदान ठरलें. वाहून जाणारें पावसाचें पाणी अडवावें हा तिचा उद्देश. परंतु अनुदान मिळे तें खड्ड्याच्या मापाबद्दल. त्यांत पाणी कोठून आलें याबद्दल नव्हे. परिणाम आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे. पुष्कळ शेततळ्यांत तळाशीं कागद अंथरून विहिरीचें व विंधनविहिरीचें पाणी उपसून भरतात, आणि तें उन्हाळ्यांत उघड्यावर वाफ होऊन जातें. शेजाऱ्याची विहीर आटते. जो पैसा पाणी राखण्याकरितां दिला, त्यानेंच भूगर्भांतील पाणी वर काढून उन्हांत ठेवलें! जलयुक्त शिवार योजनेविषयीं २०२० सालीं महालेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळापुढें आला. ९,६०० कोटींहून अधिक रुपये खर्चूनहि भूजलाची पातळी वाढविण्यांत फारसें यश आलें नाहीं, असा त्याचा अभिप्राय आहे. त्या योजनेचे पुरस्कर्ते हें मान्य करीत नाहींत, आणि कांहीं गांवांस तिचा लाभ झाला हेंहि खरें. परंतु गांवोगांवच्या नालाबंधाऱ्यांत साचलेला गाळ काढावयाचा कोणीं, या प्रश्नाचें उत्तर ज्या योजनेंत नाहीं, ती योजना अर्धीच होय.

याच्या उलट उदाहरणहि आपल्याच मुलुखांत आहे. नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवानें १९९० नंतरच्या दशकांत मृद्-जलसंधारणाचीं कामें सरकारी पैशानेंच केलीं. कामें इतर गांवांसारखींच होतीं. निराळें होतें तें हें, कीं गांवानें मोकाट चराई व कुऱ्हाड बंद केली, शेतीकरितां विंधनविहिरी घेण्यास मनाई केली, आणि उपलब्ध पाण्याचा हिशेब मांडून पिकें ठरविण्याची शिस्त लाविली. पैसा सरकारचा, परंतु राखण गांवाची. म्हणूनच तें काम आजवर टिकलें.

तेव्हां आम्हीं काय करावें? अमेरिकेची नक्कल करावी असें आम्ही म्हणत नाहीं. तेथील सरासरी शेत २०२२ च्या गणनेप्रमाणें ४६३ एकरांचें आहे. महाराष्ट्रांतील सरासरी धारणा २०१५-१६ च्या गणनेप्रमाणें १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. सव्वातीन एकरवाल्यास 'दहा वर्षें जमीन पडीक ठेव' असें सांगणें म्हणजे त्यास उपाशी राहावयास सांगणें होय. परंतु तेथेंहि सबंध शेत न सोडतां केवळ नाल्याकांठची पट्टी किंवा पाणी वाहण्याची वाट गवताखालीं ठेवण्याबद्दल भाडें मिळतें. आमच्या उपयोगाची आहे ती ही पट्टी. बांध, बांधालगतचें हातभर गवत, सांडवा, नाल्याचा कांठ एवढेंच क्षेत्र राखावयाचें, आणि त्यावरचें गवत व झाडांचें उत्पन्न मालकाचेंच. म्हणजे वर सांगितलेली पहिली चूक टळते. कारण सरकारचा पैसा उद्यां थांबला तरी दावणीच्या बैलास वैरण मिळतेच.

या दृष्टीनें आम्ही पुढील सूचना करितों.

पहिली सूचना ही, कीं बांधबंदिस्तीच्या व तत्सम प्रत्येक कामाच्या अनुदानाचा एक भाग राखणीकरितां निराळा ठेवावा. हिशेब अवघड नाहीं. शंभर रुपये द्यावयाचे असतील तर पंच्याहत्तर कामाच्या वेळीं द्यावे व उरलेले पंचवीस पुढील पांच वर्षें, दरसाल पांच याप्रमाणें, पावसाळा संपल्यावर बांध व सांडवा शाबूत पाहून मालकाच्या खात्यावर जमा करावे. रक्कम लहान आहे हें खरें; परंतु दरसाल कोणी तरी बांध पाहावयास येणार आहे, ही जाणीव त्या रकमेहून मोठी आहे.

दुसरी, ज्यांनीं आपले जुने बांध स्वखर्चानें राखले आहेत त्यांसहि हीच राखण-रक्कम त्याच दरानें मिळावी. आज जो बांध मोडतो त्यास नवा बांध मिळतो, आणि जो राखतो त्यास शाबासकीहि मिळत नाहीं. असा न्याय पाहून राखणाराहि एक दिवस नांगर घालील.

तिसरी, रक्कम प्रत्यक्ष कसणाऱ्यास पोंचावी. आपल्याकडे अर्धेलीनें व खंडानें कसण्याचे करार बहुधा तोंडी असतात. सातबारावर कसणाऱ्याचें नांव नसतें, आणि अनुदान सातबारा पाहून मिळतें. जो शहरांत राहतो त्याच्या खात्यावर पैसा, आणि जो चिखलांत उभा राहून खांड बुजवितो त्यास कांहीं नाहीं, असें होतां कामा नये. मालक व कसणारा या दोघांच्या सह्यांचा साधा कागद घेऊन राखणीची रक्कम कसणाऱ्यास द्यावी. यापासून कुळाचा हक्क उत्पन्न होणार नाहीं, असें कायद्यांतच स्पष्ट लिहावें. नाहीं तर मालक सही करणार नाहींत.

चौथी, पाहणी एकट्या अधिकाऱ्यानें करूं नये. उतारावरील खातेदारांतून निवडलेले तीन पंच, कृषि खात्याचा एक मनुष्य व गांवचा महसूल अधिकारी, ज्यास आपण अजून तलाठीच म्हणतों, या पांच जणांनीं चालत जाऊन पाहावें आणि यादी ग्रामसभेंत वाचून दाखवावी. पंचांत सर्वांत खालच्या शेताचा एक खातेदार अवश्य असावा. वरच्या बांधाची काळजी खालच्याइतकी दुसऱ्या कोणासहि नसते.

पांचवी, पैशाबरोबर अटहि असावी. जो बांध जाणूनबुजून मोडील त्यास राखणीची रक्कम तर बंद व्हावीच, परंतु खांड बुजवीपर्यंत दुसऱ्या कोणत्याहि जमीन सुधारणेच्या अनुदानास तो पात्र नसावा.

यावर आक्षेप येतील. कोणी म्हणतील, बांध तुमचा, जमीन तुमची, मग राखणीचे पैसे सरकारनें कां द्यावे? यास उत्तर वर आलेंच आहे: बांध माझा असला तरी तो राखल्याचा लाभ खालच्याचा व तलावाचा आहे. दुसरे म्हणतील, पाहणीच्या नांवाखालीं आणखी एक देवघेव सुरू होईल. ही भीति खोटी नाहीं. कचेरींत आयुष्य घालविल्यामुळें आम्ही ती हंसण्यावारी नेऊं शकत नाहीं. म्हणूनच पंच उतारावरचे असावे व यादी उघड वाचावी, असा आग्रह आहे. खालच्याच्या डोळ्यांदेखत फुटका बांध शाबूत म्हणून लिहिणें कागदावर वाटतें तितकें सोपें नाहीं.

तिसरा आक्षेप शेतकऱ्यांचाच येईल आणि तो सर्वांत वजनदार आहे. करार म्हटला कीं सातबारावर नोंद आली. नोंद आली कीं बोजा आला. फिटलेल्या कर्जाचे बोजे वर्षानुवर्ष इतर हक्कांत तसेच राहिलेले, आणि ते कमी करण्याकरितां म्हाताऱ्या माणसांनीं हेलपाटे घातलेले आम्हीं पाहिले आहेत. क्वचित् आमच्याच टेबलापुढें पाहिले आहेत, हेंहि कबूल केलें पाहिजे. म्हणून जमीन विकली तरी घेणाऱ्यावर राखणीची जबाबदारी यावी याकरितां नोंद जरूर असावी, परंतु तींत मुदतीची तारीख लिहिलेली असावी, आणि त्या तारखेस ती अर्जावांचून आपोआप कमी व्हावी. आतां उतारे संगणकावर निघतात. तारीख उलटतांच नोंद गळून पडेल अशी सोय करणें कठीण नाहीं. सरकारनें शेतकऱ्यावर करार पाळण्याचें बंधन घालावें, तसें स्वतःवरहि करार संपविण्याचें बंधन घालून घ्यावें.

सरकार हें केव्हां करील तेव्हां करील. आपल्या संघास मात्र आजच एक गोष्ट करतां येण्यासारखी आहे. प्रत्येक गांवच्या सभासदांनीं येत्या पावसाळ्यानंतर, खरीप निघण्यापूर्वीं, एका उताराची फेरी काढावी. डोक्यापासून पायथ्यापर्यंत सर्व खातेदारांनीं एकत्र चालावें, बांध कोठें शाबूत आहे व कोठें खांड पडली आहे हें एका वहींत लिहावें, आणि ज्याच्या शेतांत खांड असेल त्यास सर्वांनीं मिळून एक दिवस हात द्यावा. पैशाची मागणी घेऊन सरकारकडे जावयाचें तर हातीं अशी वही असावी. 'आम्हांस द्या' म्हणणाऱ्यापेक्षां 'आम्ही राखतों, आमच्या राखणीस साह्य करा' म्हणणाऱ्याचा शब्द अधिक वजनाचा ठरतो.

त्या अडीच एकरवाल्याच्या शेतांत अजून घळ आहे. दोन उन्हाळे त्यानें बैलगाडीनें तलावांतील गाळ आणून टाकला. निम्मी भरली आहे. वरची खांड तशीच आहे. आमच्या जुन्या वहींत त्या बांधापुढें 'काम पूर्ण' हा शेरा आमच्याच अक्षरांत आहे व तो आतां कोणासहि खोडतां येणार नाहीं. निदान नव्या वहींत एक रकाना अधिक आंखला जावा, एवढीच या लेखाची मागणी आहे.